काळा टोनर

देवकी भुसारे माझ्या झेरॉक्सच्या दुकानात पहिल्यांदा आली
तेव्हा उजव्या नडगीला पट्टा होता
आणि हातात हाडाच्या डॉक्टरांची फाइल.
दोन प्रती, म्हणाली.
मी ओळखलं. पाच हजार मीटर.
पेपरात फोटो यायचा तिचा,
नुसते दात आणि छातीवरचा नंबर.
बाकी सगळं शाईत बुडालेलं.

पुढच्या वेळी चित्रं घेऊन आली. चाळीस पानं.
इतकी काळी, की तिसऱ्या प्रतीला मशीन तापलं,
पाचव्याला टोनर संपला.
म्हटलं, ताई, रेघांवर भागवा की,
जरा फिकी काढा माणसं.
ती म्हणाली, हळद लाव, उन्हात पळू नको,
आठ वर्षं हेच ऐकलं, दादा.
आणि टोनरचे पैसे वेगळे ठेवले.

पानं जुळवता जुळवता गोष्ट वाचली मी,
उलटसुलट, एकोणिसावं आधी, मग चौथं.
आमच्याच शरणपूर रोडची निघाली.
दीडशे वर्षांमागे
गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकेची पोरं
इथं मिशनमध्ये ठेवली होती.
रंधा मारायला शिकली, भाता ओढायला.
मी इथंच जन्मलो, मला कुणी सांगितलं नाही.
ती तर रोज पहाटे याच रस्त्यावर पळायची.
पाय गेला, वाचनालयात बसायला लागली,
तेव्हा एका जाड पुस्तकात सापडली
अडीच ओळी.

तिच्या गोष्टीत एक पोरगी आहे.
घंटेच्या आधी उठते,
गंगेवर जाते, पाण्याला हात लावते, परत.
मी विचारलं, कोण लागलंय मागे?
देवकी चिडली.
ती पळून जात नाही, दादा.
ती पळते.

टाच सुटताना पोटरी कुठं दाटते
ते तिनं असं काढलंय
की माझ्या बसक्या पायात कळ आली.

आणि जिथं कुणी त्या पोरीला हाक मारतं
तिथला फुगा कोरा.
मिशननं दिलेलं नाव नको होतं हिला,
आईनं दिलेलं कुठं लिहिलेलं नाही.
दोन गिऱ्हाइकं अंक परत घेऊन आली,
छापायचं राहिलंय म्हणाली.

काळ्या रामाचं गाव आपलं.
तरी परवाच एक बाई काउंटरवर हळूच म्हणाली,
मुलगी सावळी आहे हो,
बायोडेटावर जरा उजळ येईल का?
येतं. एक बटण आहे.
पंधरा वर्षं दाबत आलो.
परवाही दाबलं, खोटं कशाला बोलू.
फक्त त्या मुलीचा फोटो पडद्यावर उजळत गेला तसं
तिच्या नाकाचं टोक नाहीसं झालं,
मग हनुवटी,
हे पहिल्यांदा दिसलं.

आज पहाटे दूध आणायला निघालो तर
देवकी रस्त्याच्या कडेनं चाललेली,
किंचित लंगडत, हातात घड्याळ,
दर काही पावलांनी थांबून वहीत आकडे.
म्हटलं, डॉक्टरांनी परवानगी दिली वाटतं?
चालायची दिली, म्हणाली. दुसऱ्या अंकासाठी मोजतेय.
तेव्हा डांबर नव्हतं, खडी असणार,
पाय अनवाणी, येताना चढ.
मग ओठातल्या ओठात बेरीज केली,
आणि पोरगी घरचीच असावी तशी मान हलवत म्हणाली,
घंटेच्या आत येते ती.
पोचते आरामात.