आवक, जावक, शिल्लक

दर मंगळवारी पुस्तक बदलायला मांडवीला जातो.
काउंटरवरची हेतल विचारते,
काका, पाछुं अमेरिका? व्हिसा आला की काय?
मी सांगतो, आधी वाचून येतो, मग बघू.

आमच्या सोसायटीत बावीस घरं.
एकोणीस घरांतलं कोणी ना कोणी तिकडे.
जशुभाईंच्या जावयाचं मोटेल टेनेसीत आहे.
त्यांना म्हटलं, तिथे जवळच रणांगण असेल,
दोन दिवसांत तेवीस हजार माणसं मेली नि जखमी झाली.
म्हणाले, होगा. पार्किंग सारुं छे.

माझं तिकडे कुणी नाही.
प्रतापनगरच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं स्टोअर्सचा क्लार्क.
नट, बोल्ट, ब्रेक ब्लॉक.
आवक, जावक, शिल्लक.
निवृत्तीनंतर पहिलं पुस्तक हाती आलं ते रुळांचं होतं म्हणून:
दोन दिशांनी आलेले लोहमार्ग वाळवंटात भेटतात,
सोन्याचा खिळा बसवतात
आणि लगेच काढून घेतात.
हे मला पटलं. स्टोअर्सचा नियमच आहे तो.
फोटोत बाटल्या उंचावलेली माणसं.
ज्यांनी डोंगर फोडले ते चिनी मजूर
भिंग लावूनही मला सापडले नाहीत.

तेव्हापासून तळटीपा आधी वाचतो.
अध्यक्षांची चरित्रं जाड असतात,
उशाला घेण्याइतकी.
स्वातंत्र्याचा मसुदा कुणी लिहिला ते पहिल्या पानावर,
त्या घरात दौत कोण भरायचं ते
बारीक टाइपात, चारशे बाराव्या पानाखाली.

परवा एका पुस्तकात
मळ्याची यादी छापलेली पाहिली, जशीच्या तशी.
मालक वारला, वारसांत वाटणी.
नाव. वय. किंमत.
हॅना, एकतीस, सहाशे.
तिचं मूल, पन्नास. नावाची जागा कोरी.
खेचर, एक, एकशे दहा.
म्हातारा सायमन, शून्य.

अक्षर सुरेख. तिरकं, एकसारखं,
कुठे शाई फुटलेली नाही.
मी चष्मा काढून ठेवला.
रकाने आखणाऱ्याचा हात मला कळतो.
बेरीज पहिल्या फटक्यात जुळली
की मानेमागे जे हलकं वाटतं
ते त्यालाही वाटलं असणार.
मग तो जेवायला गेला असेल.

आमच्याकडे एक खलाशी होता,
छोटा उदेपूरकडचा राठवा.
मस्टरवर खुमान सोमा.
पहिल्याच आठवड्यात टेबलाशी येऊन म्हणाला,
साहेब, खुमान नाही, खुमला.
मी म्हटलं, शाई वाळली आता.
तो हसला. मीही.
बावीस वर्षं मी हाक मारली खुमान
आणि तो ओ देत राहिला.

तो गेल्यावर त्याची बायको पेन्शनसाठी आली.
तिच्या कागदांवर खुमला, आमच्या कागदांवर खुमान.
वजनकाट्याजवळ भिंतीला टेकून बसायची,
पिशवीत रोटला.
मी तिला चहा पाजला,
अर्ज लिहून दिले, तीन प्रतींत,
पण चूक माझी, असं एकाही अर्जात लिहिलं नाही.
चौदा महिने. मग ती आली नाही.

मी तुलना करत नाही.
तुलना करणाऱ्या प्रस्तावना मी वगळतो.
कुठे ते, कुठे हे.
फक्त ते पान उलटलं जात नाही.

या ग्रंथालयाचे मजले काचेचे आहेत,
महाराजांच्या काळचे.
ग्रंथपालही तेव्हा अमेरिकेहून आणवला होता.
अमेरिकेच्या कपाटापाशी उभं राहून वर पाहिलं
तर चालणाऱ्याचे तळवे दिसतात,
धूसर, जोडीजोडीने,
आणि झाडूची सावली.

हेतल म्हणते, हेच पुस्तक परत?
हो म्हटलं. तारखेचा शिक्का मार.

छोटा उदेपूरची गाडी आता ब्रॉडगेज झाली.
प्रतापनगरहूनच सुटते.
वेळापत्रक पाठ आहे मला, वेळापत्रकाचं काय.
गावाचं नाव मात्र
कुठल्या रजिस्टरात होतं, आठवत नाही.