वरचा उजवा एक

खलनायक दात रुमालात बांधून घेऊन आला,
प्रसादासारखा.
कुरखेड्याच्या प्रयोगात लाकडी तलवार चुकली,
मुकुट निखळला, मूळ आतच राहिलं.
"मॅडम, शनिवारी आरमोरीले नाटक हाय.
दात बसवा, नाई तं लेखकाले सांगून
मले मुका करा."
नाव श्रावण कुमरे. 'तू' म्हणताना शीळ निघते.
त थ द ध शाळेत घोकले होते,
दंत्य म्हणजे काय, ते वडशातल्या या खुर्चीशी उभं राहून कळलं.

"हस बरं," मी म्हणाले.
तो हसला, झोपल्या झोपल्यासुद्धा खलनायकासारखा,
आणि ओठ पार नाकाशी गेला.
हिरडीची किनार उघडी. इथे काही लपणार नाही.

रात्री झोप नाही.
हिरडी उघडून केलं तर हाड डोळ्यांना दिसतं,
हात निर्धास्त चालतो,
पण टाके येतात, आणि महिनाभरात किनार
वर सरकते, परतत नाही.
न उघडता केलं तर किनार जशीच्या तशी,
फक्त मी आंधळी. बोटांनी ऐकायचं,
ड्रिल कुठे कुरकुरतं, कुठे गप्प होतं.
पुढची भिंत धानाच्या तुसाएवढी.
नागपूरला सर म्हणायचे, दिसेल तेवढंच कापा.
पुढे एका वर्कशॉपात दुसरे सर म्हणाले, कापाल तेवढं गमवाल.
दोघांचेही फोटो सुंदर होते.

तिसरी रीत: मूळ सगळं काढायचंच नाही.
ओठाकडची एक पाकळी तशीच ठेवायची,
तिच्या मागे स्क्रू.
ही मी आजवर दोनदा केली. एकदा जमली.

सकाळी त्याला कागदावर काढून दाखवलं.
तो बघत राहिला.
"हे तं धुऱ्यासारखं झालं जी.
बांधीत काहीबी करा,
धुऱ्यावरचं गवत उपटाचं नसते.
मुळी माती धरते. उपटलं का धुरा फुटला,
पानी गेलं, मंग रोवा कितीबी परहा."

मी पेन्सिल खाली ठेवली.

दीड तास. मूळ उभं चिरलं,
आतला भाग कणाकणाने काढला,
बाहेरच्या पाकळीला धक्का लागू दिला नाही.
स्क्रू टाळूकडे झुकवून. फटीत हाडाची भुकटी.
रॅचेट पस्तीसवर अडला, पुढे हलेना,
म्हणून त्याच दिवशी तात्पुरता दात देता आला,
खालच्यांना न टेकणारा, नुसता दिसण्यापुरता.
"तीन महिने ऊस नाही. खर्रा तर नाहीच."
खर्रा म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला,
सबंध दुपारात पहिल्यांदा.

शनिवारी रात्री दोन वाजता, आरमोरीच्या मंडपात
मी मागच्या खुर्चीत, शाल गुंडाळून.
तिसऱ्या अंकात तो हसला.
पोरं आयांच्या पदरात शिरली.
शेजारची बाई म्हणाली, "हा हासला का भेव वाटते वो."
मलाही.
मी किनारीकडे पाहत होते. गुलाबी. अजून जागेवर.
हिरडी खरं बोलायला वर्ष लावते.