घरटी एक

भादव्यातली बीज. तिथीची पाऊणपट,
म्हणजे दीडला भरती, असं पदीबाय बोटांवर मोजून म्हणाली
तेव्हा मी हसलो होतो.
माझ्या फोनवर होतं एक पस्तीस.

अकराला पंपाचं डिझेल संपलं.
सोसायटीच्या ग्रुपवर दोनशे चौदा मेसेज,
त्यात तीन नकाशे, एक राजीनामा.
आणि खाली तळवलीच्या वाटेवर
कुणी पत्र्याचा डबा बडवत चाललेलं:
बाहेरकाठ्याला खांड परली. घरटी एक!

देवळापाशी हसुराम वही वाचत होता,
बापाच्या अक्षरातली नावं, मेलेली खोडून वर मुलांची.
वही संपली. त्याने आमच्या इमारतीकडे पाहिलं.
यांचं कं? यांनी तर शेतंच बुजवली, कुणी म्हणालं.
पदीबाय डोक्यावरचा पेंढा न उतरवता:
"पान्याला जं घर दिसतं तं घर. लिव."
लिहिलं. ए-विंग, बी-विंग, सी-विंग. प्रत्येकी एक.

म्हणून मी. बर्म्युडा, चष्मा,
गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, का कोण जाणे.

आधी काहीच करायचं नव्हतं.
चढत्या पाण्यात खांडीशी भांडत नाहीत,
तिच्या कडांना पेंढ्याची उशी देतात,
रुंदावू नये एवढ्यापुरती.
बसलो. तंबाखू फिरली. खाडी
गुडघाभर येऊन आमच्यात बसली.
कुणाच्या जिन्याच्या किती पायऱ्या गेल्या
ते दिव्यांवरून दिसत होतं.

तीनच्या सुमाराला पाण्याने पाठ फिरवली.
दोन्ही कुशींनी या, मधून नको!
बांबू, पेंढा, चिकणमाती, पाय.
बांबू, पेंढा, पाय.
चिखलाची लादी हातोहात येते
तेव्हा तिला घ्यायचं नसतं, जाऊ द्यायचं असतं.
दोन माझ्या हातून पडल्या.
कुणी काही बोललं नाही.

उजाडता कुशी भेटल्या.
पालिकेचा माणूस आला, फोटो काढले,
काम कुणाच्या नावावर, विचारलं.
हसुरामने वही पुढे केली.
त्याने चाळून परत दिली.
त्याच्या अर्जात एवढा रकाना नव्हता.

न आलेली घरं सात. दंड दहा भारे पेंढा.
भात आता इथं कुणीच लावत नाही, मुरबाडहून आणतात,
गच्च्यांवर ताडपत्रीखाली राखतात.
दंड तरी पेंढ्याचाच.

ए-विंगचे दहा
अजून यायचेत.