दार

खापरपणजोबा इथेलने जहाजावर चढवलं ते एक दार.
घर तिकडे वेल्समध्ये, मालकाचं.
दार तेवढं त्याने स्वतः रंधा मारून केलेलं.

पातागोनियाच्या किनाऱ्यावर झाड नव्हतं,
वारा मात्र मुबलक.
कड्यात गुहा सापडली, तिच्या तोंडाशी दार टेकवलं,
आणि ग्वेनल्यान, सहा महिन्यांची पोटुशी,
आत शिरण्याआधी टकटक करून थांबली.

इथवर सगळे सारखंच सांगतात.
पुढचं एलुनेद आत्या सांगते, बाबा उठून गेल्यावर:
त्या हिवाळ्यात पीठ संपलं.
एक तेवेल्चे बाई आली, ग्वानाकोचं मांस घेऊन.
टकटक तिला ठाऊक नव्हती.
बाजूच्या फटीतून आली, विस्तवापाशी बसली,
आपल्याच घरात बसावं तशी.

आपल्याच.

मग चुबुतच्या पाटाचं पाणी, गहू, विटांचं घर,
स्पॅनिश शाळा. वेल्श उरली
प्रार्थनेपुरती, आणि बैलाला शिव्या द्यायला.
दार तेच. माझीही उंची त्याच्यावर कोरलेली,
मधल्या बिजागरीच्या जरा खाली.

काल मुलीने विचारलं, त्या बाईचं नाव काय?
आत्याला माहीत नाही.
रात्री मी कडी लावली नाही.
वारा पहाटेपर्यंत दार आपटत राहिला.