कडी

पारडीच्या मनपा शाळेत
सहावी-सातवीला मिळून बाई एकच,
त्याही आज इलेक्शनच्या कामावर.

धरमपेठेतल्या शाळेत विचारलं, "पालक काय करतात?"
मी म्हटलं, कळमन्याला संत्री निवडते.
मोठं इकडे, बारकं तिकडे,
डाग पडलेलं खाली.
त्यांनी लिहिलं : मजुरी.
फी मात्र हळू आवाजात सांगितली,
कुणी आजारी असल्यासारखी.

तक्षू दोन्हीकडे गप्प.
दोन्हीकडे "आलीच" म्हणून
मागच्या बाजूला जाऊन आली.

रात्री मी हिशोब मांडला :
बिसी, ऑटो, बूट, पुन्हा बिसी.
पेन्सिल बोथटली.
मला वाटलं, झोपली.

"आई,
पारडीच्या शाळेत आतून कडीच नाई.
केवढ्याले येते गं
एक कडी?"