उणे ऐंशी

शिरोड्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेची खिडकी
मिठागराकडे उघडते. म्हणजे उघडायची.
बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्याने खाल्ल्या, आता ती उघडीच असते.
भिंतीवरच्या आवर्तसारणीला खालून बुरशी लागली,
लँथॅनमची ओळ गेली. परीक्षेला ती येत नाही,
म्हणून तक्ता कुणी बदलला नाही. मीही नाही.

एकोणतीस वर्षं डावीकडून उजवीकडे शिकवत आलो:
रांगेत पुढे जाल तसा अणू आक्रसतो.
मुलं विचारायची, वजन वाढतं तर आकार कमी कसा?
मी म्हणायचो, रापण बघितली आहे ना?
जाळं तेवढंच. दोरीला हात वाढले
की घेर किनाऱ्याकडे येतो.
आणि वरून खाली?
तिथेही हात वाढतात,
पण जाळं दर ओळीला आणखी आत टाकलेलं.
सीझियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन तर इतका लांब
की कुणीही न्यावा.

एवढ्यावर माझं निभत होतं.

मग एका वर्षी बारावीत प्रचिती आरोसकर.
चाचणीत नेहमीचाच प्रश्न, तीन गुणांचा:
सोळाव्या गटाची हायड्राइडं.
टेल्युरियमचं उकळतं उणे दोनला,
सेलेनियमचं उणे एक्केचाळीस, गंधकाचं उणे साठ.
आलेख काढा, रेषा वाढवा,
पाणी कितीला उकळायला हवं होतं ते सांगा.

तिने पेन्सिलीला टोक केलं, पट्टी लावली, लिहिलं: उणे ऐंशी.
बरोबर.
पण पेपर देईना. टेबलाशी उभी.
"सर, मी पट्टी सरळच धरलंय.
मगे ह्यो दर्या खंयसून इलो?"

उत्तर पुस्तकात पुढच्याच पानावर होतं.
'अपवाद' म्हणून मी ते पान दर वर्षी उलटायचो.
खिडकीत तिचा बाप कोंडीतलं मीठ दांताळ्याने ओढत होता,
पोटऱ्यांपर्यंत पांढरा.
तिच्या रेषेप्रमाणे ते पाणी तिथे नसायला हवं होतं.
वाफ नुसती. कोंडी नाही, बांध नाही,
त्याच्या टाचांच्या भेगाही नाहीत.

मी म्हटलं, बस.
ऑक्सिजन गटात सगळ्यांत वरचा, रांगेतही पुढचा.
म्हणून लहान. लहान आणि हावरा.
हायड्रोजनच्या अंगावरचं पांघरूण असं ओढतो
की तो उघडा पडतो,
आणि थंडीत कुणीही करेल तेच करतो,
शेजारच्या रेणूला बिलगतो.
बोलता बोलता माझंच मला ऐकू आलं.
नियम कुणी मोडलाच नव्हता.
तोच नियम पाळत, लहान होत होत,
ऑक्सिजन इतका लहान झाला
की पट्टी त्याच्यापर्यंत पोचेना.

ती म्हणाली, "बाबा शेवटच्या पाण्याक कडू पानी म्हणतत.
मीठ धरलां की ता सोडून देतत."
ते मॅग्नेशियम, मी म्हटलं. सोडियमचं शेजारचं घर.
"तेंका म्हायत नाय," ती म्हणाली. मग, "म्हायत आसा.
नाव म्हायत नाय."

तीन पैकी तीन दिले. अडीच देता आले असते,
एकक लिहिलं नव्हतं.

यंदा मे महिन्यात मी निवृत्त झालो.
गठ्ठे रद्दीला गेले, तो एक कागद ठेवला.
आलेख शून्यापाशी संपत होता,
तर तिने वर दुसऱ्या कागदाची पट्टी जोडली होती,
आणि तिच्या टोकाला, शंभरावर,
पेनने एक टिंब.
शिताने चिकटवलेली पट्टी.
दमट हवेत सुटते.
मी पुन्हा चिकटवतो, शितानेच.