ड्राफ्टचं स्पेलिंग

मिरजेच्या बँकेत पहिल्यांदा पाहिला तो,
एजंटच्या नावाचा, खालीवर शिक्के,
आईच्या पाटल्या मोडून काढलेला.
एवढा एकच अर्थ गाठीला बांधून
हल नावाच्या बंदरात आले,
जिथे रविवारी काहीच हलत नाही.

क्लिफर्ड ओल्डरॉइड, वय एक्याण्णव,
माझ्या यादीत सकाळचे तिसरे.
गोळ्या, मोजे, दाढी. पस्तीस मिनिटं.
वहीत लिहिलं : दारातून ड्राफ्ट येतो.
ऐकला तसा लिहिला, एफ घालून.
ऑफिसातून फोन,
कुठल्या बँकेचा गं?

ओल्डरॉइड हसले, खोकले,
एफ खोडून थरथरत्या हातानं
यू, जी, एच बसवले त्या जागी.
जी-एच इथे फुंकर मारतात, म्हणाले.
मी म्हटलं, लाफ्टरमध्ये मारतात,
मग डॉटरमध्ये का गप्प?
ते खिडकीकडे बघत राहिले.
माझी पर्थला असते. तीही गप्पच.

दाराच्या फटीला एक लांबुडकी उशी आहे,
त्यांच्या जुन्या कॉर्डरॉय पँटच्या पायाची,
एडनाबाईंनी शिवलेली, सापासारखी, बटणांचे डोळे.
तरी वारा येतो. तो ड्राफ्ट.
पिंपातून थेट ग्लासात येते ती बिअर, तोही.
सोंगट्यांचा खेळ, ज्यात ते मला रोज हरवतात
आणि माझी सोंगटी उचलताना सॉरी म्हणतात, तोही.
आणि गोदीत चाळीस वर्षं
जहाजांच्या अंगावरचे जे आकडे वाचले ते :
पाण्याखाली किती गेलंय.
भरलेलं खोल बसतं, म्हणाले,
रिकामं नुसतं डुलतं.
मी माझ्या बुटांकडे पाहिलं.

एकाच शब्दात इतकी गर्दी कशी?
सगळं ओढण्यातलं, ते म्हणाले. मूळ तेच.
वारा ओढला जातो, घोट ओढतात,
वडलांचा घोडा गोदीत गाडा ओढायचा.
मग मीही सुटले :
आमच्यात रेघ ओढतात, विडी ओढतात,
गावाबाहेर वाहतो तो ओढा,
सासर-माहेर ओढाताण,
आणि पाऊस आला नाही की म्हणतात,
पावसानं ओढ दिली.
म्हणजे न येणं हेसुद्धा?
हो, म्हटलं. आणि घराची वाटते ती पण.
माझी रजा तिसऱ्यांदा नाकारल्याचं
तेव्हाच सांगून टाकलं.

त्यांना शब्द हवा झाला.
ओड, म्हणाले.
ओड नाही, ओढ.
ओड.
अहो, तुमचाच एच आहे त्यात,
मुका ठेवू नका, फुंकर मारा.
आमच्याकडे ज्याला काहीच येत नाही
त्याला ढ म्हणतात, हेही सांगितलं.
ते इतके हसले की कवळी सावरावी लागली.

अडतीस मिनिटं झाली होती.
वहीत सही केली, साप पायानं सरकवला,
बाहेर येऊन दार ओढून घेतलं.
बसस्टॉपवर खाऱ्या वाऱ्यात उभी राहिले.
आत अजून चालूच असणार,
ओड. ओड.
बहुतेक उद्यापर्यंत.